भुलीचं इंजेक्शन, जेल आणि मलम: लिग्नोकेन वापरताना काय बघायचं

दाढ काढायची असो, ऊसतोडीत कोयता लागलेलं बोट शिवायचं असो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लघवीची नळी घालायची असो किंवा मूळव्याधीचं मलम असो, या सगळ्यांत बहुतेक वेळा एकच औषध असतं: लिग्नोकेन. काही वेष्टनांवर लिडोकेन लिहिलेलं असतं, औषध तेच. झायलोकेन हे त्याचं एका कंपनीचं नाव, पण मेडिकलमध्ये लोक सर्रास तेच नाव घेऊन मागतात.

१९४३ साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं आणि आजही जगभर तेच सर्वाधिक वापरलं जातं, कारण ते लवकर चढतं, वेळेत उतरतं आणि नीट वापरलं तर सहसा त्रास देत नाही. मज्जातंतूंच्या पडद्यात सोडियम आत येण्याच्या बारीक वाटा असतात. औषध त्या बुजवतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. पण तशाच वाटा हृदयात आणि मेंदूतही असतात. बोटात टोचलेलं, हिरडीला चोळलेलं, कातडीवर फासलेलं औषध थोडं थोडं रक्तात उतरत असतं. म्हणून अंगावर सगळीकडून मिळून किती औषध गेलं, याचा हिशोब ठेवावा लागतो. पुढच्या बहुतेक सूचना त्या हिशोबाच्याच आहेत.

१. आधी टक्का वाचा

ट्यूबवर किंवा बाटलीवर २%, ४%, ५%, १०% असं काहीतरी छापलेलं असतं. टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमध्ये किंवा एका ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते कळतं. २% इंजेक्शनच्या १ मिलीत २० मिग्रॅ, ५% मलमाच्या १ ग्रॅममध्ये ५० मिग्रॅ. घशात मारायच्या १०% स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण १० मिग्रॅ जातात.

नळी घालताना वापरतात ती २% जेल आणि कातडीवरचं ५% मलम दिसायला सारखंच वाटतं, पण ताकदीत अडीचपट फरक आहे. घरात दोन्ही ट्यूबा असतील तर वेगळ्या जागी ठेवा. डोळ्यांत यातलं काहीही घालायचं नाही.

इंजेक्शनच्या बाटलीवर ॲड्रेनालिन १:८०,०००, १:१,००,००० किंवा १:२,००,००० असंही छापलेलं असू शकतं. ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे औषध जागेवर जास्त वेळ टिकतं, रक्तात हळू उतरतं आणि रक्तस्रावही कमी होतो. दातांच्या दवाखान्यात बहुधा हेच वापरतात. बोटं, नाकाचं टोक, कानाची पाळी अशा ठिकाणी मात्र डॉक्टर शक्यतो साधं, बिनॲड्रेनालिनचं औषध निवडतात, कारण तिथला रक्तपुरवठा आधीच बारीक वाटांनी होतो.

२. दवाखान्यात जाताना पिशवीत काय असावं

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात एका माणसाचे कागद तीन गावांत विखुरलेले असतात. जुनं ऑपरेशन मिरजेला, रक्तदाबाच्या गोळ्या गडहिंग्लजच्या डॉक्टरांच्या, आणि आता दाढ काढायची बेळगावात. समोरच्या डॉक्टरांना यातलं काही माहीत नसतं. म्हणून:

- चालू गोळ्यांच्या पट्ट्या. नुसती नावं सांगू नका, पट्ट्याच न्या.
- मागच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. भूल कसली दिली ते त्यात असतं.
- पूर्वी कुठल्या औषधाने त्रास झाला असेल तर त्याची चिठ्ठी.
- लहान मूल असेल तर त्याचं ताजं वजन. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत नोंद असते, पण ती जुनी असेल तर पुन्हा करून घ्या.
- सोबत एक मोठं माणूस, जो घरी परत नेईल.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी: यकृताचा आजार, हृदयाचे ठोके मंद असणं किंवा हार्ट ब्लॉक (ठोक्याचा संदेश हृदयात पुढे जायला अडथळा), मिरगी, गरोदरपण. यकृत हे औषध मोडतं, ते कमजोर असेल तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं. गोळ्यांपैकी प्रोप्रॅनोलॉल आणि ॲमिओडॅरोन ही नावं मुद्दाम सांगा. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठी असतेच, पण अर्धशिशीसाठी आणि हात थरथरण्यासाठीही देतात, त्यामुळे "मला बीपी नाही" म्हणणाऱ्याच्या पिशवीतही ती निघते. या गोळ्यांमुळे लिग्नोकेन रक्तातून निघायला वेळ लागतो. शिवाय प्रोप्रॅनोलॉल आणि ॲड्रेनालिन एकत्र आले तर रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दाढ काढायच्या म्हणून स्वतःच बंद करू नका. बंद करायच्या की नाही, ते हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील. गोळ्या थांबवल्याने आलेला झटका दाढेतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी महाग पडतो.

कर्नाटकातल्या दवाखान्यात संमतीपत्रक, म्हणजे ओप्पिगे पत्र, कन्नड किंवा इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. यात संकोच करायचं काहीच कारण नाही.

३. पोट रिकामं ठेवायचं की भरलेलं?

नुसती जागा बधिर करायची असेल तर हलकं खाऊन जा. उपाशी पोटी, घाबरलेल्या माणसाला सुई बघूनच चक्कर येते आणि दोष औषधावर जातो. पाठीतून भूल असेल किंवा झोपेचं औषध देणार असतील तर नियम उलटा: साधारणपणे सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीही नाही. कुठली भूल आहे ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. पाठीतल्या भुलीत औषधही बहुधा दुसरं, बुपिव्हाकेन असतं. त्याची मात्रा आणि धोके वेगळे आहेत, त्यामुळे या लेखातले आकडे तिथे लावू नका.

४. "मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे" म्हणण्याआधी

लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार विरळा. पण एकदा दाढेच्या खुर्चीत चक्कर आली की माणूस जन्मभर अ‍ॅलर्जी सांगत फिरतो, आणि मग साधा टाका घालायलाही डॉक्टर कचरतात. चार गोष्टींची गल्लत होते, त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

भीतीची चक्कर: चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंद लागते. आडवं करून पाय उंच केले की थोड्याच मिनिटांत माणूस सावरतो.

ॲड्रेनालिनचा परिणाम: छाती धडधडते, हात थरथरतात, उगाच भीती वाटते. काही मिनिटांत उतरतं. ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण हृदयविकार असेल तर हेही डॉक्टरांना कळायला हवं.

खरी अ‍ॅलर्जी: अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, आवाज बसतो, छातीत घरघर होते. हे तातडीचं.

मात्रा जास्त होणं: याची लक्षणं निराळी आहेत, ती नवव्या पायरीत.

काही वेळा अ‍ॅलर्जी औषधाची नसून बाटलीत टिकाऊपणासाठी घातलेल्या मिथाइलपॅराबेनची असते किंवा ॲड्रेनालिनबरोबर येणाऱ्या सल्फाइटची. म्हणून मागे काय झालं होतं ते सांगताना नुसतं "रिॲक्शन आली" म्हणू नका. काय दिसलं, टोचल्यावर किती मिनिटांनी दिसलं आणि कशाने उतरलं, ते सांगा. हातावर थेंबभर टोचून करतात ती टेस्ट निर्दोष निघाली म्हणजे पुढे काही होणारच नाही, अशी खात्री नसते. त्या टेस्टमधून मात्रेचा धोका तर अजिबात कळत नाही.

५. मात्रेचा हिशोब

प्रौढांसाठी सर्वसाधारण कमाल मर्यादा: साधं लिग्नोकेन दर किलो वजनाला ४.५ मिग्रॅ आणि एकूण ३०० मिग्रॅपर्यंत. ॲड्रेनालिनसह दर किलोला ७ मिग्रॅ आणि एकूण ५०० मिग्रॅपर्यंत. काही ठिकाणी साध्या औषधासाठी किलोला ३ मिग्रॅ हीच मर्यादा पाळतात. ही शेवटची रेघ आहे. काम त्याच्या बरंच आत भागतं.

५० किलोची बाई धरा. साधं २% औषध: ५० गुणिले ४.५ म्हणजे २२५ मिग्रॅ, म्हणजे सुमारे ११ मिली. बोट किंवा छोटी जखम शिवायला याच्या निम्मंही लागत नाही, त्यामुळे काळजी नसते. आता १२ किलोचं मूल धरा: ५४ मिग्रॅ, म्हणजे फक्त २.७ मिली. दातांच्या दवाखान्यातल्या १.८ मिलीच्या एका कार्ट्रिजमध्ये (सिरिंजमध्ये बसवायची २% औषधाची तयार नळी) ३६ मिग्रॅ असतात. दीड कार्ट्रिजला ५४ मिग्रॅ भरतात, आणि लहान मुलांच्या दातांसाठी ॲड्रेनालिन असलं तरी मर्यादा जवळपास इतकीच धरतात. त्यातच आईने घरून निघताना हिरडीला बधिर करणारी जेल चोळली असेल तर तीही यात मिळवायची. मुलांच्या बाबतीत चुका होतात त्या इथे, कारण डॉक्टर हातातलं इंजेक्शन मोजतात आणि घरची जेल कुणीच सांगत नाही.

हा हिशोब करून स्वतः टोचायचं नाही, हे सांगायला नको. तो कळला की प्रश्न विचारता येतो: "डॉक्टर, याचं वजन बारा किलो आहे, आणि सकाळी दोनदा जेल लावली होती." एवढं वाक्य पुरतं.

६. टोचताना आणि टोचल्यावर

पहिले काही सेकंद चरचरतं, कारण औषध थोडं आम्ल असतं. हळू टोचलं तर कमी झोंबतं. हलू नका. टोचण्याआधी डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून बघतात, ते सुई रक्तवाहिनीत तर नाही ना हे पाहायला. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर थोडंसं औषधही जास्त ठरतं.

दोन ते पाच मिनिटांत जागा बधिर होते, खालच्या दाढेला थोडा जास्त वेळ लागतो. आधी दुखणं जातं, मग थंड-गरम, मग स्पर्श. दाब सगळ्यात शेवटी जातो, पुष्कळदा जातच नाही. त्यामुळे दाढ उपटताना ढकलल्यासारखं, ओढल्यासारखं जाणवलं तर भूल फसली असं समजू नका. टोचल्यासारखं, कळ गेल्यासारखं दुखलं तर मात्र लगेच हात वर करा.

पू झालेल्या जागी भूल नीट लागत नाही. तिथली आम्लता वाढलेली असते आणि औषध मज्जातंतूच्या आत शिरत नाही. अशा वेळी "अजून एक टोचा" हा हट्ट धरू नका. डॉक्टर लांबून नस बधिर करतील किंवा आधी पू काढून, औषधं देऊन चार दिवसांनी बोलावतील.

बोट शिवायचं असेल तर घरातच अंगठी काढा, पायाचं बोट असेल तर जोडवं. सूज चढल्यावर निघत नाही. रक्त थांबवायला बोटाच्या मुळाशी रबरी पट्टी आवळतात. बँडेज बांधण्याआधी "रबर काढलं ना?" असं विचाराच. बोट बधिर असल्याने विसरलेली पट्टी तुम्हाला जाणवणार नाही आणि बोट काळं पडेपर्यंत कळणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच वेळी विचारून घ्या.

७. बधिरपणा उतरेपर्यंत

साधं औषध तास-दोन तास टिकतं, ॲड्रेनालिनसह जास्त. खालच्या दाढेच्या इंजेक्शननंतर ओठ आणि जीभ तीन ते पाच तास जड राहू शकतात. तेवढा वेळ गरम चहा नाही, चावून खायचं नाही. लहान मुलं बधिर ओठ गंमत म्हणून चावत राहतात आणि संध्याकाळी ओठ सुजून फाटतो. त्यांच्यावर नजर ठेवावी लागते, नुसतं सांगून भागत नाही.

एंडोस्कोपीआधी घशात स्प्रे मारला असेल तर निदान एक तास पाण्याचा घोटही नको. गिळण्याची जाणीव नसते, पाणी श्वासनलिकेत जातं. नंतर एक घोट घेऊन बघा, ठसका लागला तर आणखी थांबा.

शिवलेलं बोट दुखत नाही म्हणून दुपारच्या फेरीला पुन्हा कोयता हातात घेणारे असतात. बधिर बोट गुऱ्हाळाच्या काहिलीला टेकलं तरी कळत नाही. तो दिवस कामावरून उठायचं. दुखण्यावरची गोळी बधिरपणा उतरण्याआधीच घेतली तर कळ अंगावर येत नाही. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून निघा.

८. घरी मलम, जेल आणि क्रीम

५% मलम एका वेळी ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ट्यूबमधून साधारण १५ सेंटिमीटर लांबीची वळी पिळली की तेवढं होतं. दिवसभराची कमाल १७ ते २० ग्रॅम. फाटलेल्या, भाजलेल्या, सोललेल्या कातडीतून औषध भराभर आत जातं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काजूच्या टरफलाच्या तेलाने हात भाजलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं.

सुईआधी किंवा लेझरआधी लावतात त्या क्रीममध्ये लिग्नोकेन २.५% आणि प्रिलोकेन २.५% असतं. ती सांगितलेल्या जागेपुरतीच लावायची आणि वरून चिकटपट्टी लावून साधारण तासभर ठेवायची. केस काढण्याच्या लेझरसाठी दोन्ही पायांना बधिर करणारं मलम फासून वरून प्लॅस्टिक गुंडाळल्याने अमेरिकेत दोन तरुणींचा जीव गेला होता. त्यावर २००७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा काढला. कुणी पार्लरमधून "घरूनच लावून या" म्हणालं तर लावू नका.

दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला बधिर करणारी कुठलीच जेल लावू नका, लिग्नोकेनची नको आणि बेंझोकेनची तर मुळीच नको. लाळेबरोबर ती गिळली जाते. बेंझोकेन आणि प्रिलोकेन यांमुळे कधी कधी रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते: ओठ-नखं निळसर राखाडी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा धोका जास्त. स्वच्छ, गार ओलं फडकं चावायला दिलं की काम होतं.

आता तोंडातल्या फोडांबद्दल, कारण आपला भाग तंबाखूचा आहे. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू, मिश्री, गुटखा घराघरांत आहे, आणि तोंडातल्या जखमेवर बधिर करणारी जेल लावून महिनेच्या महिने काढणारी माणसंही आहेत. जेल लावली की झोंबत नाही, भाकरी खाता येते, आणि तपासणी पुढे ढकलली जाते. तोंडातला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा दोन ते तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर जेल बंद करून तोंड दाखवा. सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखतच नाही, आणि थोडाफार दुखत असेल तर जेल तेवढीही खूण पुसून टाकते. मूळव्याधीच्या मलमाचंही तेच. आठवडाभरात फरक नाही किंवा रक्त जातंय, तर मलमाची दुसरी ट्यूब आणण्याऐवजी तपासून घ्या.

विंचवाचंही इथेच सांगतो. डंखाच्या जागी लिग्नोकेन टोचलं की ठणका थांबतो आणि पोरगं हसायला लागतं. विष मात्र अंगात असतंच. घाम सुटणं, हातपाय गार पडणं, उलट्या, छातीत धडधड, खोकला किंवा दम लागणं यांपैकी काही दिसलं तर ठणका थांबलेला असला तरी धोका आहे. त्यावर प्राझोसिन देतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे हे औषध विंचूदंशासाठी वापरात आलं. मुलाला घरी न नेता रात्रभर देखरेखीखाली ठेवा.

९. मात्रा जास्त झाल्याची लक्षणं

क्रम बहुधा असा: तोंडात लोखंडासारखी चव, जीभ आणि ओठांभोवती मुंग्या (जिथे टोचलं त्याच्याशी संबंध नसताना), कानात गुंय् आवाज, डोकं हलकं, मग जीभ जड होऊन बोलणं अडखळतं, माणूस उगाच बडबडतो किंवा पेंगतो, स्नायू फडफडतात, मिरगीसारखा झटका येतो. पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. इंजेक्शननंतर हे बहुतेक वेळा काही मिनिटांत दिसतं, पण अर्ध्या तासानेही दिसू शकतं. फासलेल्या क्रीमने काही तासांनी.

दवाखान्यात असाल तर पहिल्याच लक्षणाला सांगा, "बरं वाटेल" म्हणून थांबू नका. डॉक्टर हातातलं औषध थांबवतात, ऑक्सिजन लावतात. मोठ्या रुग्णालयांत २०% लिपिड इमल्शन नावाचं पांढरं सलाईन असतं, ते औषधाला रक्तात बांधून हृदयापासून दूर ओढतं.

घरी असाल तर क्रीम पुसून, धुऊन काढा, माणसाला कुशीवर झोपवा, तोंडात पाणी, कांदा, चमचा काही घालू नका आणि १०८ ला फोन करा. गावाच्या नावाबरोबर तालुका सांगा. ट्यूब सोबत घ्या.

कन्नड बोलणाऱ्या नर्सना सांगायला ही वाक्यं पाठ करून ठेवा:

तले सुत्तुत्तिदे: चक्कर येतेय.
नालिगे जोमु हिडिदिदे: जीभ बधिर झालीय.
किवी गुंय् अंतिदे: कानात आवाज येतोय.
उसिराडलु कष्ट आगुत्तिदे: श्वास घ्यायला त्रास होतोय.
ननगे अलर्जी इदे: मला अ‍ॅलर्जी आहे.

१०. निघताना एक चिठ्ठी मागा

कुठलं औषध, किती टक्के, ॲड्रेनालिन होतं की नव्हतं, किती मिली, आणि काही त्रास झाला का. चार ओळी पुरतात. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी कोल्हापूरला जायची वेळ आली तरी तिथल्या डॉक्टरांना अंदाज बांधावा लागणार नाही.